साखळी सुटते तेव्हा

पुण्याच्या संशोधन केंद्रात पडद्यावरची पेशी मालनला विटेसारखी दिसली. जाड, चौकोनी, चारही बाजूंनी शेजारणींना घट्ट चिकटून बसलेली.

"ही तुमची," डॉ. तस्नीम शिकलगार म्हणाली. "परवा तुमच्या उजव्या फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढला, त्यातली."

मालननं चष्मा नीट केला. "निवांत बसलीय की."

"गोळीमुळं. गोळी थांबवली, तर काय होतं ते बघा." तस्नीमनं दुसरं चित्र लावलं. हे प्रयोगशाळेतल्या उंदराचं होतं. इथली पेशी लांबुडकी झाली होती, दोन्ही टोकांना निमुळती, सूतकताईच्या चातीसारखी. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं. सगळ्यांना सोडून ती एकटी कुठंतरी निघाली होती.

"दोन्ही पेशी एकाच कर्करोगाच्या आहेत, बाई. रोग पसरायला लागतो तेव्हा वीट चाती होते."

मालन इंगवले साठीला आली होती. सांगलीच्या मुलींच्या शाळेत तिनं उभा जन्म कबड्डी शिकवली. तिच्या हाताखालच्या पोरी राज्याच्या संघात गेल्या, देशाच्या गेल्या, पोलिसात गेल्या, आणि कुठंही भेटल्या तरी अजून तिला बाईच म्हणत. वर्षभरापूर्वी तिच्या छातीत पाणी झालं. आधी वाटलं क्षय असेल. मग पाण्याची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं : मेसोथेलियोमा.

फुप्फुसाभोवती एक पातळ, गुळगुळीत आवरण असतं. श्वास घेताना फुप्फुस बरगड्यांना घासू नये म्हणून. हा कर्करोग त्या आवरणाचा, आणि तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीमुळं होतो : ॲस्बेस्टॉसचे तंतू. डोळ्यांना न दिसणारे, सुईसारखे तंतू श्वासातून आत जातात, आवरणात रुततात, आणि शरीराला ते काढताही येत नाहीत आणि विरघळवताही येत नाहीत. चाळीस-चाळीस वर्षं ते तिथं टोचत राहतात. माणूस कधीतरी ती धूळ विसरूनही जातो.

मालन मात्र ती विसरली नव्हती. मिरजेच्या अलीकडं वाकसेवाडीत ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे बनवणारा एक कारखाना होता. तिचे वडील तिथं कामाला होते. कारखान्यातला पांढरा, मऊ टाकाऊ चुरा मागच्या माळावर ओतला जायचा, आणि त्यावर पडलं तरी गुडघे फुटायचे नाहीत म्हणून पोरींनी तिथंच कबड्डीचं मैदान केलं होतं. घामेजलेल्या अंगानं त्या चुऱ्यात लोळायच्या. घरी गेल्यावर आया त्यांना अंगणातच झटकायच्या.

गेल्या काही वर्षांत आलेल्या एका गोळीनं या रोगाला जागच्या जागी बांधून ठेवता येत होतं. गोळी पेशींना एकमेकींपासून सुटू देत नसे. पण ती त्यांना मारतही नसे. दोन वर्षं, फार तर तीन. मग पेशी गोळीलाही सरावत.

"आणि एकदा चाती झाली की कुठलंच औषध तिला नीट लागू पडत नाही," तस्नीम म्हणाली. "म्हणून आजवर आम्ही सगळे एकच करत आलो. वीट आहे तोवर तिला वीटच ठेवायची. पण मी गेली सहा वर्षं वेगळंच बघतेय. वीट एकदम चाती होत नाही. मध्ये थोडा वेळ असा जातो की ती धड वीट नसते, धड चाती नसते. जुने बंध सोडलेले असतात, नवे तयार झालेले नसतात. त्या वेळात तिच्या अंगावर एक खूण उघडी पडते. ती एरवी झाकलेली असते. ती खूण ओळखणारं औषध आमच्याकडं आहे. निरोगी पेशीला ते फारसं काही करत नाही. विटेला करत नाही. चातीलाही करत नाही. फक्त या मधलीला मारतं."

मालन चित्राकडं बघत म्हणाली, "आमच्याकडं बचाव करणाऱ्या पोरी हात धरून साखळी करतात. चढाईवाली आत आली की कोपऱ्यातली पोरगी साखळी सोडून तिच्या पायावर झेपावते. हात सुटलेला असतो आणि पकड अजून बसलेली नसते. चलाख चढाईवाली तिला तेवढ्यातच बाद करून जाते."

"अगदी तसंच," तस्नीम हसली. पण लगेच गंभीर झाली. "अडचण अशी, की पेशींनी साखळी सोडायला हवी. सगळ्यांनी, शक्यतो एकाच वेळी. त्यासाठी गोळी बंद करावी लागेल. आणि त्यांना सुटण्याचा संदेश द्यावा लागेल. शरीरात तो संदेश देणारं एक प्रथिन असतं. तेच आम्ही टोचणार. आम्ही त्याला हाक म्हणतो."

"म्हणजे तुम्ही रोगाला सांगणार, पसर म्हणून."

"हो."

"आणि नेम चुकला तर?"

"ज्या सुटतील त्या चाती होतील. मग माझ्याकडं काही नाही. काही महिने, बस." तस्नीमनं नजर खाली घेतली नाही. "प्राण्यांत जमलंय. माणसावर अजून केलेलं नाही. तुमच्या पेशी अजून सगळ्या विटा आहेत. पहिल्या माणसासाठी तसंच असावं लागतं, नाहीतर हा मधला काळ माणसात किती असतो ते कळणारच नाही. म्हणून तुम्हाला विचारलं. नाही म्हणालात, तरी तुमची गोळी चालू राहील."

मालनचा नवरा जयसिंग शेजारच्या खुर्चीत बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "आम्ही विचार करून सांगतो." त्याच्या आवाजावरून त्याचा विचार झालेला दिसत होता.

*

"हे कसलं औषध?" सांगलीला घरी पोचल्यावर चप्पल काढता काढता जयसिंग म्हणाला. एसटीत चालक म्हणून त्यानं आयुष्य काढलं होतं. अंधाऱ्या घाटातही त्याचा आवाज कधी चढला नव्हता. आज चढला. "आपण होऊन रोगाला आवतण द्यायचं? गोळीनं बरं चाललंय की. चालतेस, फिरतेस, पोरींवर ओरडतेस. दोन वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

"आणि दोन वर्षांनी?"

"तोवर आणखी काहीतरी निघेल."

"कुणावर तरी करून बघितल्याशिवाय कसं निघेल हो?"

"मग ते दुसऱ्या कुणावर तरी करू देत!" तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्यालाच ते बरं वाटलं नाही. तो बाहेर जाऊन गाडी पुसत बसला. गाडी स्वच्छच होती.

त्या आठवड्यात घरात कामापुरतं बोलणं झालं. चहा झालाय. पाणी गेलंय. बस एवढंच.

मालनच्या डोक्यात मात्र आणखी एक गोष्ट घोळत होती. त्या मैदानावर ती एकटी खेळली नव्हती. तिनं इचलकरंजीला हौसा मगदूमला फोन लावला. हौसा कोपऱ्यात खेळायची आणि मालन तिच्या शेजारी. शाळेची सगळी वर्षं साखळीत हौसाचा डावा हात मालनच्या उजव्या हातात असायचा. आता हौसा पिठाची गिरणी चालवत होती.

"दम लागतो गं," हौसा म्हणाली. "पण ते पीठ जातं ना नाकातोंडात. त्याला काय एवढं."

"पिठानं नाही. तू पुण्याला ये. उद्याच ये."

हौसा आली. तपासणी झाली. रोग तोच होता. फक्त तिला गोळी कधी मिळालीच नव्हती, त्यामुळं तिच्या कितीतरी पेशी आधीच चाती झाल्या होत्या.

केंद्राच्या उपाहारगृहात दोघी समोरासमोर बसल्या. हौसानं चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि तिनं ते चमच्यानं काढून खाल्लं.

"डॉक्टरीणबाई म्हणाली, माझ्यासाठी आत्ता काही नाही. पहिल्या माणसावर जमलं, तर पुढं माझ्यासाठी काहीतरी शोधता येईल." तिनं मालनकडं बघितलं. "तो पहिला माणूस तू आहेस, हे तिनं नाही सांगितलं. तुझ्या तोंडावरनं कळलं. माझ्यासाठी काही करू नकोस, मालन. सांगून ठेवते."

"तुझ्यासाठी नाही करत."

"मग?"

मालननं कप बाजूला सारला. "गोळी घेतल्यापासून मी रोज सकाळी उठते आणि आधी छातीवर हात ठेवते. आज आहे ना जागेवर, म्हणून. वर्षभर हेच चाललंय. नुसता बचाव करून सामना कुणी जिंकत नाही गं. आपल्यालाही चढाईला जावं लागतं." ती थांबली. "आणि थोडं तुझ्यासाठीपण आहे. पण थोडंच."

हौसा हसायला लागली, आणि हसता हसता तिला दम लागला.

*

ठरलेल्या सकाळी मालननं बॅग भरली. बसनं जायचं ठरवून ती बाहेर आली, तर फाटकासमोर गाडी चालू होती. जयसिंग आत बसला होता, स्वेटर घालून, बसायची गादी पाठीशी लावून, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखा.

"बस," तो म्हणाला.

"तुम्हाला पटलं?"

"नाही पटलं. पण मधनंच परत फिरावंसं वाटलं तुला, तर गाडी वळवायला मी नको का?"

कराड गेलं, सातारा गेला, खंबाटकीचा बोगदा गेला. प्रत्येक मोठ्या वळणाआधी जयसिंग गाडी थोडी हळू करायचा आणि तिच्याकडं बघायचा. ती पुढं बघत राहायची. शिरवळला तो एकदाच म्हणाला, "चहा?" आणि तिनं मान डोलावली.

*

छातीतलं पाणी काढायला मालनच्या बरगड्यांमध्ये आधीच एक बारीक नळी बसवलेली होती. तस्नीमनं त्यातूनच तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र आत सोडलं. केंद्रातले लोक त्याला टेहळ्या म्हणत. फुप्फुसाच्या आवरणावरून फिरत तो पेशींवर मंद प्रकाश टाकायचा आणि त्यांचा आकार कसा बदलतोय, अंगावरची खूण उघडी पडली की झाकलेलीच आहे, हे बाहेर कळवायचा. पूर्वी हेच समजायला शरीराचा तुकडा काढून, रंगवून, काचेवर ठेवून बघावं लागे. तोवर पेशी कुठल्याकुठं गेलेली असायची.

गोळी बंद करून काही दिवस झाले होते. त्या दिवशी जेवणाच्या वेळेच्या आसपास हाक टोचली. मालननं पडदा आपल्यासमोर लावायला सांगितला. जयसिंग खाटेशेजारी बसला. पडद्याकडं त्यानं पाठ केली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका कडेच्या विटांचे कोपरे गोल व्हायला लागले. दोन विटांमध्ये केसाएवढी फट पडली. ती रुंदावली. त्यांना जोडणारे धागे ताणले गेले, बारीक झाले, एकेक करून तुटले.

"सुटायला लागल्या," मालन म्हणाली. आपल्याच शरीरात हे चाललंय, आणि आपण ते बघतोय, हे तिला खरं वाटेना.

तस्नीमनं पुढं होऊन पडदा दोन भागांत केला. तिच्या कपाळाला आठी पडली. "बाई, ऐका. खाली, श्वासपटलाजवळच्या पेशींनी हाक लवकर ऐकली. त्यांची खूण आत्ता उघडी आहे. पण वरच्या अजून विटाच आहेत. आत्ता औषध दिलं, तर वरच्या वाचतील. वरच्यांसाठी थांबले, तर खालच्या निसटतील."

"दोनदा दिलं तर?"

"दोनदा कुणीच घेतलेलं नाही. प्राण्यांनीसुद्धा. एका डोसनंच खूप ताप येतो, धाप लागते. हृदयाला झेपेल की नाही, मला सांगता येणार नाही."

"तुम्ही काय कराल?"

तस्नीमनं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. "मी डॉक्टर म्हणून एकदाच द्यायचं म्हणेन. तेच सुरक्षित आहे. पण सुरक्षित म्हणजे पुरेसं, असं मी म्हणणार नाही."

मालननं नवऱ्याकडं बघितलं. जयसिंगनं खुर्ची वळवली आणि पहिल्यांदा पडद्याकडं तोंड केलं. त्या पसरत चाललेल्या फटींकडं तो बघत राहिला.

"एवढं लांब आलोय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आता अर्ध्यात कशाला सोडायचं? पण ठरव तूच. मी इथंच आहे."

"द्या दोन्ही वेळा," मालन म्हणाली.

पहिलं औषध लगेच गेलं. खालच्या बाजूच्या पेशी आधी फुगल्या, मग एकेक करून विझत गेल्या. दुसरं औषध गेलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तोवर मालनला पडदा नीट दिसत नव्हता. तिच्या अंगातून वाफा येत होत्या. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. एकदा हृदयाची लय इतकी बिघडली की खोलीत चार माणसं धावत आली. जयसिंगला बाहेर जायला सांगितलं, पण तो गेला नाही. "मी मध्ये येत नाही," एवढंच म्हणून तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि कुणाच्याच मध्ये आला नाही.

ताप उतरायला दोन दिवस लागले.

उतरल्यावर तस्नीमनं टेहळ्या पुन्हा फिरवला. वरून खाली, खालून वर, श्वासपटलाच्या कडेनं, बरगड्यांच्या आतल्या बाजूनं. पडद्यावर फक्त शरीराच्या स्वतःच्या, पातळ, चपट्या, निरोगी पेशी दिसत होत्या. वीट नव्हती. चाती नव्हती. तिनं तीच फेरी पुन्हा मारली. मग आणखी एकदा.

इतके दिवस प्रत्येक गोष्ट शांतपणे समजावून सांगणारी ती डॉक्टर खुर्चीत बसली. तिनं फक्त पडद्याकडं बोट केलं.

"काय आहे तिथं?" जयसिंगनं घाबरून विचारलं.

"काही नाही," तस्नीम रडत, हसत म्हणाली. "तिथं काहीच नाही!"

*

पण खरी बातमी तस्नीमला नंतर, टेहळ्यानं टिपलेलं सगळं सावकाश बघताना सापडली. श्वासपटलाजवळच्या काही पेशी पहिल्या औषधातून निसटल्या होत्या. त्या चाती झाल्याच होत्या. हाकेचा जोर ओसरल्यावर मात्र त्या परत वळल्या. चातीची पुन्हा वीट व्हायला लागली, आणि परतताना त्यांना तोच मधला टप्पा ओलांडावा लागला. खूण पुन्हा उघडी पडली. नेमकं तेव्हाच दुसरं औषध रक्तात होतं. त्या परतीच्या वाटेवर मेल्या.

"समजतंय का तुम्हाला?" फोनवर तस्नीम भरभर बोलत होती. "चाती झाली की संपलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तसं नाहीये. तिला परत बोलावता येतं. जाताना नाही सापडली, तर येताना सापडते. तुम्ही दुसरा डोस घेतला नसता, तर हे कधीच दिसलं नसतं."

"म्हणजे हौसा..."

"त्यांना आधी गोळी द्यायची. गोळीचं काम पेशींना बांधून ठेवायचं आहे ना? तीच वाढवून दिली, वर परतीचा संदेश टोचला, की चाती विटेकडं वळायला लागते. आता औषध दोन्ही वेळा द्यायचं. जातानाही आणि येतानाही. आणि आता हृदय कसं सांभाळायचं तेही आम्हाला माहीत आहे."

मालननं फोन ठेवला आणि अंगणात गेली. जयसिंग झाडांना पाणी घालत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं पाइप खाली टाकला, पाणी तसंच वाहू दिलं, आणि साठीच्या बायकोला भर अंगणात मिठी मारली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण बघत राहिली. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

हौसाचा उपचार सोपा झाला नाही. तिला महिनाभर केंद्रात राहावं लागलं. मध्ये एकदा टेहळ्यानं बरगडीखाली चातींचा एक पुंजका दाखवला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. ती नर्सांवर ओरडली, जेवणावर ओरडली, एकदा तस्नीमवरही ओरडली आणि नंतर तिच्यासाठी गिरणीतलं ज्वारीचं पीठ मागवून घेतलं. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. मालन आणि जयसिंग सोबत आले होते.

तपासणीच्या खोलीचं दार उघडलं. हौसा बाहेर आली. तिनं मालनचा हात धरला आणि इतका दाबला की मालनची बोटं दुखली.

"गेलं?" मालननं विचारलं.

"गेलं! एकपण नाही उरली." मग ती व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकपण नाही!"

एक नर्स वळून बघायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तस्नीम दारात उभी होती. तिच्या मागं फोन वाजत होता. कुठून कुठून लोक विचारत होते, आमच्या माणसाला कधी घेता? वाकसेवाडीच्या सगळ्या घरांची तपासणी पुढच्या महिन्यापासून सुरू व्हायची होती. त्या कामाला मालननं आपल्या जुन्या पोरी जमवल्या होत्या.

बाकावर एक माणूस बसला होता. नंदुरबारकडचा होता, नाव सुकलाल. तरुणपणी तो किनाऱ्यावर ॲस्बेस्टॉसनं भरलेली जुनी जहाजं तोडायच्या कामाला गेला होता. आज दुपारी त्याची हाक टोचायची होती. टाळ्या ऐकून त्यानं मान वर केली, पण त्याच्या चेहऱ्यावरची भीती तशीच होती. मालन त्याच्या शेजारी जाऊन बसली. हौसा दुसऱ्या बाजूला बसली.

"ताई," त्यानं हळूच विचारलं, "खूप दुखतं का?"

हौसा काहीतरी धीराचं बोलायला निघाली, तेवढ्यात मालननं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुखतं," मालन म्हणाली. "दोन दिवस वाटतं, कुठून आलो इथं. मग एका सकाळी जाग येते आणि सपाटून भूक लागलेली असते."

तो तिच्याकडं वळला. "आणि मग?"

"मग जेवायचं," हौसा म्हणाली.